मुलाचे बूट

पडद्यावरचा नायक बापाशी भांडून तरातरा घराबाहेर पडला, आणि पडद्यासमोरच्या अंधारात पावलंवाला म्हातारा त्याच्या वतीने फरशीवर पाय आपटत चालला.

सिनेमात चालतं कोण आणि वाजतं कोणाचं, हे प्रेक्षकांच्या गावीही नसतं. दार आपटणं, पेला फुटणं, पाऊल वाजणं, सगळं हा मागाहून भरायचा. थोबाडीत मारणं हा तर त्याचा हातखंडा. ओलं फडकं फळीवर हाणलं की झालं काम. अशा खोट्या थोबाडीत त्याने आयुष्यभर दिल्या. खरी एकच दिली, पोटच्या पोराला. पोरगा पायातल्या चपलेनिशी निघून गेला. बूट दाराशीच राहिले.

"काका, उद्या पोरगा घरी परततो बरं का," काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला म्हणाला. "जरा पावलं हळवी द्या."

"सिनेमातली पोरं शेवटच्या रिळात येतातच बाबा," म्हातारा म्हणाला. "घरातल्यांना कुठलं आलंय रीळ?"

घराखाली पोचल्यावर इकडेतिकडे बघून त्याने पिशवीतून मुलाचे बूट काढले. बायकोची नजर गेल्यापासून ती एकच विचारायची, आला का हो तो? एका संध्याकाळी त्याच्याने 'नाही' म्हणवेना. तेव्हापासून हे रोजचं नाटक. मुलासारखा डावा पाय किंचित घासत जिना चढायचा, त्याच्या खोलीत जाऊन पलंगावर धपकन बसायचं. बोलायचं मात्र नाही. जगातले सगळे आवाज काढणाऱ्याला तेवढा एक गळा जमत नव्हता. मग अनवाणी गुपचूप बाहेर, आणि स्वतःच्या चपला वाजवत पुन्हा आत.

"आलाय बरं का तो," ती सांगायची. "अजून घुश्शातच आहे. अवाक्षर बोलत नाही."

"बापावर गेलाय."

"ते आहेच. पण काल जिन्यात थांबत थांबत आला हो." मग तिने सहज विचारलं होतं. "तुमचा गुडघा काय म्हणतोय?"

"कुरकुरतोय. दुसरं काय करणार तो."

मुलाला फोन करून 'चुकलं माझं' म्हणायला त्याची जीभ रेटत नव्हती. आणि एक दिवस हे बिंग फुटलं, तर तिच्याजवळ उरणार तरी काय?

आज गुडघा फारच ठणकत होता. राहू दे म्हणावं, तर वर ती कान लावून बसली असणार. त्याने नाड्या आवळल्या, कठडा धरला आणि डावा पाय घासत एकेक पायरी चढला. दारापाशी दम घेतला. दार ढकलायला हात लावला, तोच थबकला.

आत बायको हळू आवाजात फोनवर कोणाला तरी सांगत होती.

"ऐकलंस ना बाळा? रोज संध्याकाळी तू असाच घरी येतोस."