साठ किलोंचा मान

ऑनलाइन शर्यतींच्या त्या लीगमध्ये यंत्र हातमोज्यांतून प्रत्येकाच्या हाताची चपळाई मोजायचं आणि चुरस बरोबरीची व्हावी म्हणून चपळ चालकाच्या गाडीवर वजन लादायचं. अर्धांगवायू झालेल्या तुळशीरामअप्पांची गाडी तीन वर्षं सगळ्यांत हलकी होती.

आज पडद्यावर त्यांच्या नावापुढे आकडा आला : अधिक साठ किलो.

"अप्पा, काहीतरी चुकलंय. मी तक्रार करते," सून वैदेही म्हणाली.

"खबरदार." अप्पांनी इतकी वर्षं लुळा असलेला उजवा हात झटकन मिटला, पुन्हा उघडला. "चाळीस वर्षं भरलेला ट्रक घाटातून उतरवलाय मी. यांनी तीन वर्षं मला रिकामी गाडी दिली."

हिरवा दिवा लागला. बावीस गाड्या सुटल्या. त्यांत सगळ्यांत जड गाडी अप्पांची होती.