फरसबी, भोपळा आणि दहाचा फोन

"आज काय दिलंस त्याला?" मुलाने फोनवर विचारलं.

"लाल भोपळा नि फरसबी. नुसतं वाफवून. मीठ नाही, कांदा नाही, लसूण तर घरातच आणत नाही."

"आणि गाजर?"

"गाजर संध्याकाळी. अरे, मला शिकवतोस? डॉक्टरांची यादी फ्रिजवर चिकटवलीये, तोंडपाठ झालीये माझी."

म्हातारी खुशीत होती. पूर्वी याच मुलाचा फोन महिन्या-दोन महिन्यांनी यायचा, तोही "बरी आहेस ना? ठेवू?" एवढाच. नव्या इमारतीत कुत्रा चालत नाही म्हणून वर्षापूर्वी तो त्याला आईकडे सोडून गेला, आणि तेव्हापासून रोज सकाळी दहाच्या ठोक्याला फोन. यायला मात्र एकदाही सवड झाली नाही. तिच्या गुडघ्यांची चौकशी वर्षात कधी नाही, कुत्र्याच्या पोटाची रोज! असू दे मेलं. आवाज तर कानावर पडतो. दुधाची तहान ताकावर भागवायची.

भाजीवाली येताजाता टोमणा मारायची. "आजी, पुढच्या जन्मी तुमच्या घरचं कुत्रं व्हावं म्हणते मी!"

"कोवळी फरसबी दे, जास्त बोलू नकोस," म्हणत ती एकेक शेंग मोडून बघायची.

आज मात्र मुलगा फोन ठेवेना. "आई, आम्ही घर बदललं. तळमजला आहे, पुढे अंगण. रविवारी न्यायला येतोय त्याला."

कुत्र्याचं निमित्त संपलं की फोनही संपला, हे काय तिला कळत नव्हतं? "राहू दे की इथेच. नव्या जागी खायचा नाही तो. माझ्याच हातचं लागतं त्याला."

"तेच म्हणतोय आम्ही." पलीकडे सुनेची कुजबुज ऐकू आली. "तूही चल, आई. कायमची. तुझ्यासाठी खोली काढलीये, खिडकीवाली."

मुलगा वेगळा राहायला गेल्यापासून नऊ वर्षं ती या एका वाक्याची वाट बघत होती. डोळे घळाघळा वाहू लागले.

"आई? येशील ना त्याला घेऊन?"

"येते रे बाळा," ती कशीबशी म्हणाली.

फोन ठेवून ती ओट्यापाशी गेली. वाफवलेला भोपळा ताटलीत काढला आणि रोजच्यासारखी, तसाच अळणी, स्वतः खायला बसली. कुत्रा मरून चार महिने झाले होते.