कार्डावरचं नाव

कॉलेजच्या खिडकीपलीकडच्या गंगाधर क्लार्कनी रेशनकार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि फॉर्म परत सरकवला. फीची सवलत एका घरातल्या दोघांनाच, असं त्यांनी सांगितलं. मोठी प्रतिभा आणि मधला कुंदन ती आधीच घेत होते. धाकट्या समर्थला पूर्ण फी भरावी लागणार होती.

मखमलाबादहून सकाळीच आलेले त्यांचे वडील खंडेराव हिरमुसले. खरं तर सरकारी कॉलेजची फी ती किती, वांग्याच्या दोन तोडण्यांत निघाली असती. पण फुकट मिळणारं सोडायचं म्हणजे माणसाच्या जिवावर येतं. खंडेरावांच्या तर फारच.

"भाऊसाहेब, काय मार्ग नाय का?"

गंगाधर मनाने वाईट नव्हते. कुणाचं काम अडलेलं त्यांना बघवत नसे. मोठीचं लग्न झालं की कार्डावरून तिचं नाव कमी होतं आणि धाकट्याला जागा होते, एवढंच ते म्हणाले. नवं कार्ड ऑगस्टअखेर आणलं तरी चालणार होतं.

भावाचा फॉर्म प्रतिभानेच भरला होता, रांगेतही तीच उभी राहिली होती. तिच्या हातात तिचा स्वतःचा फॉर्मही होता, बी.एस्सी. तिसरं वर्ष, १९९८-९९. दुसऱ्या वर्षाला ती कॉलेजात पहिली आली होती. निफाडचं स्थळ तेवढ्यासाठीच थांबवून ठेवलेलं.

आषाढी एकादशी चार दिवसांवर होती. म्हणजे लग्नं आता दिवाळीनंतर. खंडेरावांचा चेहरा पडला आणि प्रतिभाला मात्र हायसं वाटलं. त्याची तिला थोडी लाजही वाटली.

पण गंगाधर पडले पंचवटीतल्या गुरुजींच्या घरातले. त्यांनी ड्रॉवरमधून पंचांग काढलं, चष्मा पुसला.

"चातुर्मासातही गौण मुहूर्त असतात. अडलेल्यांसाठी. हे बघा, जुलैत दोन आहेत."

"दादा, माझं एकच वर्ष राहिलंय," प्रतिभा म्हणाली. "ते लोक थांबतील की."

"थांबतील. पण मंग धाकट्याचं कसं? आन् लग्नानंतरचं म्हणशील, तर शिकलेली चालती तेन्ला, शिकणारी नाय."

तारखा खंडेरावांनी तळहातावर लिहून घेतल्या. मग खिडकीशी वाकून गंगाधरांना हात जोडले. त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते.

"सरकारचे लय उपकार हायेत, भाऊसाहेब. नायतर आमच्यासारख्यानं पोरं कुठून शिकवली असती?"