टाळी वाजवू नये

रविराज आणि मंदाकिनीबाई डेंग्यूने दवाखान्यात, आणि हिंदुराव मात्र ठणठणीत. श्यामसुंदर साठ्यांना एवढा पुरावा पुरेसा होता.

नारायण पेठेतल्या त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज दुपारी चारला चौघांचा ब्रिजचा डाव बसे. हिंदुराव विश्रांतवाडीहून येत, आणि आल्या दिवसापासून साठ्यांच्या डोळ्यांत खुपत. हा मनुष्य टाळी वाजवून डास मारायचा, आणि त्याची जोडीदार मंदाकिनीबाई नेमकं हवं तेच पान टाकायची. एक टाळी म्हणजे बदाम, दोन म्हणजे इस्पिक. साठ्यांनी तक्ताच केला होता. तीन आठवड्यांपूर्वी अंगात कणकण असतानाही ते येऊन बसले. पाळतीला सुट्टी नसते. त्याच दिवशी त्यांनी खांबावर पाटी लावली: ‘खेळताना टाळ्या वाजवून खुणा करू नयेत. डास सभ्यपणे हाकलावेत.’

दुसऱ्या दिवसापासून हिंदुराव पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, कडुलिंबाचं तेल चोपडून येऊ लागले. पुढे काय होणार हे ज्याला ठाऊक, तोच असा बंदोबस्त करतो.

आज आरोग्य खात्याची वल्लरी तपासणीला आली, तेव्हा साठे तयारच होते.

“या हिंदुरावांचं इथे येणं आधी बंद करा. विश्रांतवाडीहून आणलाय रोग. माझा जोडीदार रविराज तिकडे सलाइनवर आहे. सकाळी प्लेटलेट्स तीस हजार!”

“यांना ताप आला होता?”

“तेच तर! यांना काहीच होत नाही.”

वल्लरीने टेबलाखाली टॉर्च मारला. “आजोबा, हा डास दिवसा चावतो. त्यातली मादी एका माणसावर पोट भरत नाही. हाकलली की शेजारच्यावर बसते, आख्ख्या टेबलाला पुरते. पण आजारी माणसाचं रक्त प्यायल्यावर आठ-दहा दिवस जगली, तरच रोग देते. इतके दिवस तिला कुणी मारलं कसं नाही?”

हिंदुरावांनी पाटीकडे पाहिलं.

“आणि दवाखान्यातल्या दोघांच्या आधी ताप कोणाला आला होता?” वल्लरीने कागद काढला.

पट्टेरी पायांचा एक डास साठ्यांच्या नाकासमोरून हिंदुरावांकडे निघाला. साठ्यांचा हात हाकलायला उठला, थबकला. मग त्यांनी दोन्ही हातांनी खाडकन टाळी वाजवली. तळहातावर रक्ताचा ठिपका उमटला.

“अहो साठे,” हिंदुराव म्हणाले, “ही खूण कसली?”

“कबुलीची,” साठे म्हणाले. “लिहा ताई. पहिला ताप मला.”