चपला बाहेर

"चपला बाहेर, रांगेत," कालिंदीबाईंनी पुन्हा बजावलं. म्यानमारमधून पळून आलेली ही मुलं रोज चपला हातात घेऊनच संस्थेच्या वर्गात शिरत. निवृत्तीनंतर बाईंना सकाळी उठावंसं वाटे ते या वर्गासाठीच, पण शिस्त म्हणजे शिस्त.

"आई नको म्हणते," सेनोवारा पुटपुटली. तरी आज सगळ्यांनी ऐकलं.

पाढे रंगात आले असताना बाहेर मोटरसायकल थांबली आणि मुलं एकदम गप्प झाली. दारात एक अनोळखी माणूस वाकून, बोटाने चपला मोजत होता.

"बरीच आहेत की. राहतात कुठं सगळी?"

आई नको का म्हणत होती, ते बाईंना आता कळलं. "माझ्या घरी," त्या म्हणाल्या.

"मग संध्याकाळी घरीच येतो." सगळ्यांत छोटा जोड उचलून तो निघून गेला.

मुलांना त्यांच्या घरी पाठवलं तर तो मागोमाग जाईल, म्हणून बाईंनी सगळ्यांना आपल्याबरोबरच नेलं. संध्याकाळी बेल वाजली, तेव्हा बाईंच्या फ्लॅटबाहेर एकही चप्पल नव्हती, त्यांची स्वतःचीसुद्धा नाही. आतल्या खोलीत मुलं आपापल्या चपला उराशी धरून, आवाज न करता बसली होती. धाकट्याच्या हातात बाईंच्या होत्या.