डायलॉग संपेपर्यंत

विजेची बंदूक रोखून यंत्ररखवालदार हौसाबाईसमोर उभा होता. बिल्ला न लावता ती बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये शिरली, म्हणून त्याच्या लेखी ती चोर. मालकाने स्वस्तात आणलेला हा रखवालदार जुन्या मारधाडीच्या सिनेमांची टर उडवणाऱ्या एका व्हिडिओ गेमवर शिकला होता. त्या गेममध्ये समोरच्याचा डायलॉग संपल्याशिवाय कुणी गोळी झाडत नसे.

"बोलत ऱ्हावा वैनी, थांबू नगा!" दाराबाहेरून तिच्यासोबत कामाला येणारी मालन ओरडली.

हौसाबाईने नवऱ्याला शिव्या घातल्या, सासूला घातल्या, जावेच्या आमटीलाही नावं ठेवली. मग शब्दच सुचेनात.

"शेवटची इच्छा?" रखवालदाराने घोगऱ्या आवाजात विचारलं.

तिच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, तू असा का झालास, तेवढं तरी सांग."

बंदूक खाली आली. गेममधल्या नायकासारखा तो सावकाश पाठमोरा वळला. "त्या रात्री धरण फुटलं. आई मला छातीशी धरून धावत होती..."

हौसाबाई मागच्या मागे सरकत दाराबाहेर पोचली. मालनने तिचा दंड धरून ओढलं. "पळा आता!"

"थांब गं," हौसाबाई दाराला कान लावत म्हणाली, "त्याच्या आईचं काय झालं, तेवढं ऐकू दे की."