भुऱ्याची न्हाणी

वर्षालीच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं खुशालराव स्वतःला सांगत. राहून गेलं नव्हतं. माघात आलेलं ते पत्र त्यांनी पुस्तकांच्या कपाटातल्या सगळ्यात जाड शब्दकोशात ठेवलं होतं, आणि आता अधिक महिना लागला होता. चारदा ते लिहायला बसले. 'चि. वर्षालीस' याच्यापुढचं एक वाक्य कोरडं वाटे, दुसरं उपकार केल्यासारखं. मग कागद घडी करून ठेवत.

सुनेचं पत्र एका पानाचं होतं. 'बाबा, फोनवर बोलवणार नाही म्हणून लिहिते. सागरला जाऊन दोन वर्षं होतील. माझ्या शाळेतले शेखर सर लग्नाचं विचारतात. तुमचं उत्तर आल्याशिवाय मी त्यांना हो म्हणणार नाही. त्यांच्या आईला दमा आहे, त्यामुळे सागरचा भुऱ्या त्या घरात चालायचा नाही. तुम्ही सांभाळाल का? फक्त त्याला बाथरूममध्ये नेऊ नका. सागर आत पडला तेव्हा तो बंद दारावर नखं घासत होता. तेव्हापासून त्या उंबऱ्याच्या आत पाय टाकत नाही. मी त्याला बाहेरच धुते.'

दोन प्रश्न होते. त्यातल्या कुत्र्याच्या प्रश्नाला उत्तर देणं खुशालरावांना जमण्यासारखं होतं. म्हणून त्यांनी श्रावण गवंड्याला बोलावलं.

मागच्या अंगणात, लिंबाच्या सावलीत, श्रावणने चार बाय चारचा ओटा घातला. भुऱ्या घसरू नये म्हणून फरशी खरबरीत ठेवली. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापायचं, म्हणून लिंबाखालीच वेगळा ड्रम चढवला.

"सर, आमच्या घरी मानसं बादलीनं आंघोळ करतेत," श्रावण म्हणाला, "अन् तुमच्या कुत्र्याले शॉवर?"

"त्याले बाथरूममधी जायचं भेव वाटते."

"मंग माह्यासारखंच हाय ते. माह्यी बायको तर मले ढकलूनच नेते."

खुशालराव हसले नाहीत. श्रावणने थापी उचलली. थोड्या वेळाने विचारलं, "शॉवर किती उंच ठेवू? कुत्रं केवढं हाय?"

खुशालरावांनी गुडघ्याशी तळहात धरला. मग जरा वर नेला, पुन्हा खाली आणला. भुऱ्याला त्यांनी शेवटचं पाहिलं होतं ते अकोल्याला, सागरच्या तेराव्याला. त्या दिवशी त्यांनी कोणाकडेच नीट पाहिलं नव्हतं.

"राहू द्या," श्रावण हळूच म्हणाला. "खालवर होनारा बसवतो."

तो गेल्यावर खुशालरावांनी नळ सोडून पाहिला. रिकाम्या ओट्यावर पाणी पडलं आणि उताराने लिंबाच्या आळ्यात गेलं. त्यांच्या पत्नी माणिकबाई मागच्या दारात बसून तीन दिवस भिजवलेले तांदूळ उपसत होत्या.

"झाली का न्हाणी?"

"झाली. आता तिनं आणून सोडलं का झालं."

"अन् तिले कसं समजन? पान्याचा आवाज अकोल्यापावतर जाते काय?"

खुशालरावांनी नळ बंद केला. "हे तांदूळ कायचे?"

"अनारशायचे. धोंड्याचा महिना हाय. जवायाले द्या लागते."

"आपल्याले कुठं जवाई हाय?" ते म्हणाले. या घराला एकच लेक होता.

माणिकबाईंनी वर पाहिलं नाही. "पुस्तकायवरची धूळ कोन झटकते या घरात? माघातच वाचलं मी ते पत्र. म्हटलं, तुमी आज सांगसान, उद्या सांगसान."

खुशालराव ओट्याच्या कडेवर बसले. कड पाण्याने अजून ओली होती.

"मले लिवताच येत नाही," ते म्हणाले. "हो लिवलं, का सागर..."

"तुमी चूप बसले म्हनून वापस येते काय सागर?" माणिकबाईंनी ओल्या हातानेच डोळ्यांवरून मनगट फिरवलं. "मीबी त्याची मायच होय. पन ती पोरगी चार महिन्यांपासून टपालाची वाट पाहून राहिली. अन् हा महिना तीन वर्षांनी येते. तवापावतर आपन असू का नसू."

दिवेलागणीला खुशालरावांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं: 'भुऱ्यासाठी अंगणात न्हाणी बांधली आहे. त्याला घेऊन ये.'

"अन् तिचं?"

"त्यातच आलं ते."

"नाही आलं."

ते पुन्हा टेबलाशी बसले. मग खाली एक ओळ लिहिली: 'शेखररावांनाही आण. अधिकात जावयाला जेवायला बोलावतात.' या खेपेला ती त्यांनी वाचून दाखवली नाही, नुसता कागद माणिकबाईंच्या हातात दिला. त्यांनी ओळीवरून बोट फिरवत वाचलं आणि कागद परत दिला.

सकाळी पोस्टात खिडकीवरची मुलगी पाकिटावरचा पत्ता कॉम्प्युटरवर उतरवत होती.

"वर्षाली सागर गावंडे," तिने वाचलं. "काका, मधलं नाव टाकू, का नुसतं वर्षाली गावंडे चालन?"

"टाका," खुशालराव म्हणाले. मग खिडकीशी जरा वाकून, हळूच, "एवढ्या वेळेस टाका."

तिने पूर्ण नाव टाकलं आणि पाकीट अकोल्याच्या थैलीत सोडलं.